न बसणारी खूण

२ डिसेंबर

पोचले एकदाची! फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा जवळ दोन बॅगा, एक कुकर आणि अम्मीनं जबरदस्तीनं हातात कोंबलेली लोणच्याची बरणी. घरमालक महारुद्रभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांनी कुकर हँडलला अडकवला, बरणी माझ्या मांडीवर दिली आणि गाव येईपर्यंत मागं वळून वळून कुणाचं शेत कुठवर ते सांगत राहिले. रस्त्याकडं लक्ष फक्त माझं.

चिंचकोट भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि टोकाला जाऊन उभं राहिलं की माकणीच्या धरणाचं पाणी चकाकताना दिसतं. आरोग्य केंद्राच्या क्वार्टरची दारं वाळवीनं खाल्लीत, म्हणून तिथल्या सिस्टरनी भाऊंच्या घराची बाहेरची खोली मला ठरवून दिलीय. वेगळं दार, एक खिडकी, भिंतीला ताजा निळा रंग. माझी पहिली नोकरी, पहिली स्वतंत्र खोली.

घरात चौघं. भाऊंची बायको दीपमालावहिनी ब्लाऊज शिवतात. कितीही बोलल्या तरी मशीन थांबत नाही. मुलगी आरोही दुसरीत आहे. तिनं दारातच विचारून घेतलं की मी लहान मुलांनाही सुई देते का. भाऊंची आई कमलबाई कमी ऐकतात आणि म्हणून मोठ्यांदा बोलतात. माझं नाव मिनाज आहे हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्या ओरडल्या, "मुसलमानाची हाईस व्हय? मग मटण झ्याक करत आसशील!" मला फक्त मॅगी येते हे कळल्यावर त्यांची फार निराशा झाली.

राजशेखर सरांना फोन केला. सोलापूरला इंटर्नशिप त्यांच्याच हाताखाली केली. सर म्हणाले, रोज लिहीत जा. पेशंट बघून पहिलं उत्तर कोणतं सुचलं आणि कशानं बदललं, तेवढं. त्यांचं नेहमीचंही परत सांगितलं, की आपल्याला आवडलेल्या उत्तरात आपण सगळ्या खुणा दडपून बसवतो. जी खूण बसत नाही तिच्यापाशी थांबायचं.

म्हणून ही वही. सुरुवात चांगली झालीय.

७ डिसेंबर

आज लिहिण्यासारखं आहे!

सकाळी शरणबसप्पा नावाच्या सालगड्याला घेऊन आले. पहाटेपासून पोटात कळ. काल जेवणात शिळं होतं, ॲसिडिटीची सुई द्या, असं सोबतच्यांनीच सांगून टाकलं. मलाही तेच वाटलं. पोट मऊ होतं, सुई भरायला घेतली. तेवढ्यात तो माझ्याकडं बघायला हनुवटी वर करतोय असं दिसलं. डोळे उघडे ठेवायला डोकं मागं न्यावं लागत होतं. पापण्या जड. ॲसिडिटीत पापण्या कशाला पडतील?

रात्री कुठं झोपलास, विचारलं. शेतातल्या कोप्यात, म्हणजे झोपडीत, खाली जमिनीवर. अंगावर चावल्याची खूण कुठंच नाही. पण मण्यार चावते तेव्हा कळतही नाही. थंडीत साप कमी निघतात म्हणून मन कच खात होतं. तरी सापाच्या विषावरचं प्रतिविष सुरू केलं आणि १०८ मधून उमरग्याला पाठवलं. वाटेतच त्याचा श्वास जड झाला. दोन दिवस मशीनवर ठेवावा लागेल म्हणतात, पण वाचेल.

घरी वहिनींनी धपाटी केली होती, वर ताजं लोणी. गावभर झालं होतं म्हणे. भाऊ म्हणाले, "मॅडम, आता तुमाला सोडत नसतो आमी."

१६ डिसेंबर

शेतात हुरडा. भाऊंनी आगटी पेटवली, कणसं भाजली, वहिनींनी तळहातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत ओतले. शेंगदाण्याची चटणी, गूळ. शरणबसप्पा आपल्या पायांनी चालत आला होता. आरोही माझ्या मांडीवरच झोपली.

वहिनींनी माझ्यासाठी हिरवा कुर्ता बेतलाय. मापं घेताना म्हणाल्या, तुमच्या अम्मीला सांगा, पोरगी इथं जाड व्हायला लागली.

भाऊ उजवा हात सारखा झटकत होते. चार दिवस झाले, मुंग्या येतात, खाजही सुटते. पोती उचलून मानेची शीर दबली असेल. मान हलवून बघितली, ताकद बघितली. ठीक वाटलं. गोळ्या दिल्या.

१९ डिसेंबर

सकाळी वहिनींनी खिडकीवर थाप मारली. भाऊंना उठता येत नव्हतं. उजवा हात लुळा, पायात जोर नाही, अंगात ताप.

माझ्या मनात पहिलं आलं ते मण्यार. लगेच आलं, आणि किती सोपं वाटलं ते! प्रतिविषही हाताशी. पण पापण्या ठीक होत्या, ते पलंगावर झोपलेले, मुंग्या आठवडाभर जुन्या. सरांना फोन लावला. सर म्हणाले, शरणबसप्पाला विसर. तो वाचला म्हणून तुला तोच दिसतोय. दुसरं काय?

मी म्हणाले, पाय लुळे पडत वर चढणारा तो शिरांचा आजार, जीबीएस. बसतंय बऱ्यापैकी. सर म्हणाले, मग काय बसत नाही, विचार कर. मी म्हणाले, ताप. त्यात सुरुवातीलाच असा ताप नसतो. आणि दुखणं पायापासून न चढता हातापासून निघालंय.

सरांनी श्वास, नाडी विचारून घेतली. मग म्हणाले, सोलापूरला घेऊन ये.

मी सोबतच निघालेय. अँब्युलन्समध्ये लिहितेय. भाऊ शुद्धीत आहेत. मला म्हणाले, मॅडम, आज ओपीडी बुडाली की तुमची.

२२ डिसेंबर

सोलापूर. मोठं हॉस्पिटल. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, शिरांच्या आजाराची महागडी इंजेक्शनं सुरू आहेत. उतार नाही. आज गिळताना ठसका लागतोय. लघवी बंद.

कुत्रं चावलं का, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरनं विचारलं. नाही. मांजर? नाही. केसपेपरवर तसं लिहिलं आणि तो प्रश्न मिटला.

दुपारी सरांनी मला व्हरांड्यात नेलं. म्हणाले, तू त्या घरात राहतेस, तुझ्याशी बोलतील. कुत्र्याचं विचारू नकोस. या माणसानं गेल्या काही महिन्यांत हात कुठं कुठं घातला, ते विचार.

वहिनी बाकड्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं.

"हात? कुठं घालणार ओ. शेतात. गोठ्यात." मग त्यांना आठवलं. "म्हशीच्या तोंडात घातला व्हता की!"

दसऱ्याच्या आसपास म्हैस खाईना. लाळ गळायची, हंबरून हंबरून आवाज बसला. घशात कडब्याचं धाट अडकलं असेल असं वाटलं. "ह्यांनी कोपरापतुर हात घातला. काय बी घावलं न्हाय. म्या त्वांड धरलं व्हतं दोन्ही हातांनी. लई जोर तिला." म्हैस दोन-तीन दिवसांत मेली. गावात घटसर्प म्हणाले, पुरून टाकली.

पिसाळलेलं कुत्रं म्हशीला चावलं असणार. रानात, कुणाला न दिसता. रेबीज. सगळं बसलं. मुंग्या, खाज, ताप, हातापासून सुरुवात. एकही खूण बाहेर उरली नाही. आणि उत्तर सापडलं की छातीत जे उजळतं, ते उजळलं. क्षणभरच, पण उजळलं. त्याच क्षणी वहिनींनी उजव्या हाताचं मधलं बोट माझ्यासमोर धरलं. पेरावर पांढरी रेघ.

"मला बी दात लागला व्हता. एवढुसा."

मी त्या रेघेकडं बघत राहिले. बरं, म्हणाले. बहुतेक बरं असंच म्हणाले.

२३ डिसेंबर

वहिनींना आजच लस सुरू केली. बोटाभोवती दुसरं औषधही टोचलं. त्या ओरडल्या नाहीत. विचारत राहिल्या, आजारी ते हायत, सुया मला का? मी म्हणाले, खबरदारी. कमलबाई आणि आरोहीलाही गावात सिस्टरनी लस दिली. त्यांचा हात लागला नव्हता, दूध उकळूनच प्यायचे, त्यांची भीती नाही.

भाऊंच्या लाळेचा नमुना पुण्याला गेलाय. उत्तर काय येणार ते सरांना आणि मला ठाऊक आहे.

मी सरांना विचारलं की वहिनींची लस वेळेत पोचली का. सर म्हणाले, विषाणू शिरेतून मेंदूकडं चालत जातो. कुणाचा हळू, कुणाचा भरभर. आता तो कुठं आहे हे सांगणारी तपासणी जगात नाही. दिवस जाऊ द्यायचे.

२९ डिसेंबर

महारुद्रभाऊ गेले. शेवटचे दोन दिवस बोलता येत नव्हतं, पण डोळे ओळखत होते. वहिनींनी आरोहीचा फोटो मोबाईलवर दाखवला तेव्हा डोळे तिकडं वळले.

पुण्याचा रिपोर्ट संध्याकाळी आला. आता कुणाला हवा होता?

९ जानेवारी

गावात परत. ओपीडी सुरू. गोठ्याजवळून जाणारा प्रत्येक माणूस शोधून लस दिली. लोक माझ्याशी हळू बोलतात.

वहिनी मशीनवर होत्या. लग्नसराई जवळ आलीय, ब्लाऊज तुंबलेत. पाय चालवता चालवताच विचारलं, "ह्यान्ला झालं ते मला बी व्हईल का?"

खोटं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण ही बाई उद्या मला सगळ्यात आधी काय होतंय ते सांगणार, आणि मी खोटं बोलले तर ती सांगणार नाही.

म्हणाले, माहीत नाही वहिनी. औषध दिलंय. उशिरा दिलंय.

मशीन थांबलं. मशीनवर बसून, ते न चालवता बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "कळंल कसं?"

सांगितलं. बोट. मग ताप. मग पाणी, वारा.

त्यांनी मान हलवली, सुईत दोरा ओवला आणि पुन्हा पाय चालवायला लागल्या.

१७ जानेवारी

मी त्यांच्या गळ्याकडं बघते. चहा पिताना, भाकरी खाताना. आवंढा नीट गेला का. ओपीडीतही आता सगळ्यांचे गळेच दिसतात.

आज वहिनी म्हणाल्या, "मिनाजताई, आसं बघू नका ओ. माणूस घास मोजल्यावानी." मी सॉरी म्हणाले. त्या माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि हसल्या.

किती बरं वाटलं ते कसं लिहू. अम्मीला फोन केला, उगीचच खूप वेळ बोलले.

हिरवा कुर्ता झाला. घातला. छान बसलाय.

२४ जानेवारी

काही नाही. सगळं ठीक. आरोहीचे पाढे घेतले. कमलबाई भाऊंना जेवायला हाक मारतात अधूनमधून.

सर म्हणाले, जितके दिवस जातील तितकं चांगलं.

२७ जानेवारी

बोटाला मुंग्या.

त्यांनी स्वतःच सांगितलं. माझ्या दारात उभं राहून. "सुई टोचली आसंल," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

सुई टोचली असेल. दिवसभर कात्री धरतात, शीर दबली असेल. थंडी आहे. भीतीनंही मुंग्या येतात, खूप जणांना येतात, मी पाहिलंय.

भीतीनं दोन्ही हातांना येतात. ह्यांना एकाच बोटाला. त्याच.

आज मी उलटं करतेय, सर. बसतंय ते सगळं बाजूला ठेवून न बसणारी एक खूण शोधतेय. एक तरी. एवढीशी.

२९ जानेवारी

ताप आला.

सकाळी दार उघडलं, धरणावरचं वारं आत आलं. थंड, नेहमीचं. वहिनींचा गळा आवळला. मानेच्या शिरा ताठ. क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, काय झालं ओ मला?

आरोही दप्तर भरत होती. तिनं पाहिलं.

सर येतायत. सोलापूरहून, स्वतः.

२९ जानेवारी, दुपार

सरांनी तपासलं. पाच मिनिटं लागली. मग वहिनींजवळ खाली बसले आणि काय आहे ते स्पष्ट सांगितलं. मी सरांना कधी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

ठरवायचं होतं ते एवढंच, की कुठं. हॉस्पिटलात नेलं तर एक बंद खोली, अनोळखी माणसं. तिथंही करण्यासारखं काही नाही. वहिनी म्हणाल्या, इथंच. माझी खोली दिली. वेगळं दार आहे, पंखा काढला, खिडकीला चादर लावली. झोपेच्या इंजेक्शनांची पेटी सरांनी माझ्याकडं दिली. त्रास वाढला की द्यायचं, हात आखडता घ्यायचा नाही.

जाताना सर म्हणाले, निदान संपलं मिनाज. आता फक्त सोबत.

३० जानेवारी

चमच्याभर पाणी. ओठापर्यंतही नाही. नुसतं भांडं वाजलं आणि —

तो आवाज मला लिहिता येत नाही.

झटका गेला की त्या पूर्ण शुद्धीत असतात. पूर्ण. हेच सगळ्यात भयंकर आहे. हरिबाच्या पोरीच्या ब्लाऊजला बाह्या लावायच्या राहिल्यात म्हणाल्या, हळदीच्या आधी कुणाकडून तरी लावून घ्या. आरोहीच्या केसांना तेल कमी लावा, तिला आवडत नाही. सासूबाईंना जोरात बोला, पण रागानं नको.

मग माझा हात धरला. ग्लोव्हजवरून. "पोरगीला आत आणू नका. म्या हाक मारली तरी आणू नका. तवा हाक मारणारी मी नसंन."

कबूल केलं.

३१ जानेवारी

रात्रभर इंजेक्शनं. सकाळी वहिनींचा घसा बसलाय. लाळ. दोनदा मला ओळखलं नाही.

आरोहीला शेजारी पाठवलं होतं. पळून आली.

१ फेब्रुवारी, दुपार

अंगणात बसलेय. दाराला बाहेरून कडी. कमलबाई तुरीच्या शेंगा सोलतायत, त्यांना काही ऐकू येत नाही. आरोही माझ्याजवळ.

इंजेक्शनचा असर उतरला असावा. पुढचं भरून ठेवलंय. तेवढ्यात आतून हाक आली.

"आरू."

बसलेला आवाज नाही. ओरडणं नाही. शाळेतून यायच्या वेळी मारतात तशी. साधी.

"आरू, ये की गं. येणी घालते."

आरोही उठली. मी तिचा हात धरला. ती म्हणतेय, आई बरी झाली. बोलतेय ना नीट. मावशी, बोलतेय ना?

लस झालीय पोरीची. मी मध्ये उभी राहिले तर धोका नाही. धोक्याचा प्रश्नच नाही हा. प्रश्न — आत कोण आहे. झटक्यांच्या मधली शुद्धीतली ती, की जिची हाक ऐकू नका म्हणून सांगितलं ती, की —

दोन्ही वहिनीच. की एकही नाही. ताप, आवाज, शब्द, सगळं बघितलं. वेणीचं माहीत आहे तिला. नाव माहीत आहे. सर, हे कसं ओळखायचं? हे तुम्ही कधी —

पुन्हा हाक. आता रडतायत.

फोन लागत नाही सरांचा.

आत त्यांना कळतंय की आम्ही बाहेर आहोत. "मिनाजताई," म्हणाल्या. माझं नाव. "एकदाच ओ."

शब्द दिलाय मी. पण तो दिला तेव्हा त्या — आणि आत्ता त्या —

आरोही दारापाशी गेलीय. टाचा उंचावून उभी. कडीला हात पुरत नाही तिचा. माझ्याकडं बघतेय. मी उठते. मी तिला सांगते की आई झोप —

आतून गाणं. हळू. झोपवताना म्हणतात ते. आरोहीनं कपाळ दाराला टेकवलंय आणि तीही म्हणतेय बरोबर, आणि मी कडीवर हात